माळावरचा हुरडा आणि गाळलेली दोन वाक्यं

वहिनी,

तुम्ही गेल्यापासून मला कुणी ‘भावजी’ म्हटलेलं नाही. शाळेत मी मास्तर, गावात मास्तर, घरातल्या पोरांचा काका, बायकोचा ‘अहो, ऐकलं का’. भावजी म्हणणारं माणूस जगात एकच होतं आणि त्याला आम्ही गेल्या सोमवारी मळ्यातल्या चिंचेखाली माती दिली. स्वामींनी मंत्र म्हटले, तुमचं इष्टलिंग तुमच्या डाव्या तळहातावर ठेवलं, भोवती बेल, विभूती. तुम्हाला समाधीत बसवलं तेव्हा मान जराशी माझ्या बाजूला कलली होती. क्षणभर वाटलं, आता म्हणणार, ‘भावजी, नीट हुभा ऱ्हावा की, वाकून काय बघताव?’

मी नीट उभा राहिलो. लोक म्हणाले, मास्तर खमका माणूस. खमका कसला! त्या दिवशी साहेब आले होते मातीला, आणि जाताना ते मला एक गोष्ट सांगून गेले. ती ऐकल्यापासून मला धड बसवत नाही, धड उठवत नाही. म्हणून हा कागद घेतला. पण ते साहेबांचं मागाहून. गोष्ट क्रमानं सांगावी, एवढं तरी मला येतं. आपल्या घरात बारशापासून लग्नापर्यंत गोष्टी सांगायचा ठेका माझ्याकडंच आहे, आणि माझी सगळ्यात गाजलेली गोष्ट म्हणजे आपल्या गावाला न आलेल्या कारखान्याची. ती तुमच्यासमोर मी किती वेळा सांगितली असेल! आज ती तुम्हालाच सांगायची आहे. यावेळी खरी.

ती वर्षं आठवतात ना? दिल्लीनं दारं उघडली म्हणून पेपरवाले रोज लिहीत होते. घाटनांदूरच्या स्टेशनाबाहेर एसटीडीचा पिवळा बूथ आला होता आणि दादा आपल्या किराणा दुकानात कंपनीच्या पाकिटातला मसाला ठेवायला लागले होते, तो कुणी घेत नसे. मी चोवीस वर्षांचा, नुकताच शाळेवर लागलेला. साऱ्या जगाचं अर्थकारण आपल्याला कळतं, असा माझा समज. तुम्ही ओसरीवर ज्वारी निवडत बसायचात आणि मी खांबाला टेकून भाषण द्यायचो. खासगी भांडवल, मागास भागाला सवलती, मराठवाड्याचा अनुशेष.

“अनुशेष म्हंजे काय ओ भावजी?”

“दुसऱ्यांना मिळालं आणि आपलं राहून गेलं, ते.”

“म्हंजे पंगतीत बसलो आन् वाढपी म्होरं निघून गेला.”

“तंतोतंत!”

“मग वाढप्याला हाक मारावी लागंल. पान धरून नुस्तं बसून ऱ्हायलं तर कोन वाढतंय?”

मी हसलो होतो. तुम्ही हसला नव्हतात. सुपातला खडा काढून अंगणात टाकलात, बस्स.

त्याच सुमारास आपल्या गावचं सरपंचपद बायकांसाठी निघालं. सही तेवढी करणारी आणि तोंड बंद ठेवणारी बाई शोधत जाणती मंडळी आपल्या ओसरीवर आली. दादा गरीब माणूस, तुम्ही चौथी शिकलेल्या, घर किराणावाल्यांचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात. मंडळींना पसंत पडलं. निवडून आल्यावर पहिल्याच बैठकीत त्यांनी कागद पुढं केला. तुम्ही पेन हातात घेतलंत आणि म्हणालात, “सही माजी हाय, तर आधी कागदात काय हाय ते मला कळाय पायजे. सरकारी मराठी मला पचत न्हाई. आमचे भावजी वाचून दावतील.” मग माझ्याकडं वळून, “भावजी, आजपासनं डोळे तुमचे, सही माजी.”

त्या दिवशी मला किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं, ते तुम्हाला कधी सांगितलंच नाही.

आणि मग साहेबांची ती सभा. आपल्या भागाचे पुढारी, साहेब, तेव्हा ऐन भरात होते. गाडीतून उतरले की धुळीलाही मान मिळायचा. सभा झाल्यावर त्यांनी विचारलं, “बोला, गावाला काय पाहिजे?” मंडळींनी आधीच ठरवलं होतं, देवळापुढं सभामंडप. तुम्ही पदर सावरून उठलात.

“साहेब, आमाला कारखाना पायजे.”

मंडळी चपापली. साहेब हसले. “आणि सभामंडप?”

“मंडपात आमची पोरं काय करतील? बसतील. ती आधीच बसल्याली हाईत.”

साहेब इतके हसले की त्यांच्या मागचे लोकही, कळो न कळो, हसायला लागले. पण जाताना त्यांनी तुमचं नाव लिहून घ्यायला सांगितलं. आणि त्यांनी खरंच हालचाल केली. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय, वहिनी. माझ्या गोष्टीत हे कधी नव्हतं. त्यांनी पुण्याची एक कंपनी गाठली. मोटारगाड्यांत लागणाऱ्या रबरी नळ्या करणारी. आपल्या गावात तेव्हा मोटारगाडी एकही नव्हती, पण नळ्या इथं होणार म्हटल्यावर गाव आनंदानं वेडं झालं. कंपनीची अट एकच होती. जागा सलग हवी, मोकळी हवी, आणि तिच्यावर हक्क सांगणारा कुणी नको.

अशी जागा म्हणजे गावचा माळ. गायरान. सरकारी कागदावर मोकळाच, पण त्याच्यावर पिढ्यान् पिढ्या धोंडिबाची मेंढरं चरत आलेली. ग्रामसभेत धोंडिबा धनगर घोंगडी सावरत उभा राहिला. “वैनी, मेंढरं रबराच्या नळ्या खातेत का?”

“न्हाई खात,” तुम्ही म्हणालात. “पर तुजी सून वर्षातनं सहा महिने पोटुशी-लेकुरवाळी मेंढरामागं उन्हातान्हात हिंडती. ती त्या नळ्या करंल आन् सांजच्याला घरला येईल. तुला काय पायजे ते तू ठरीव, मी जोर करनार न्हाई.”

धोंडिबानं घोंगडी खांद्यावर नीट टाकली. मग म्हणाला, “तुमी म्हनताव म्हनून.” आणि दसऱ्याच्या आधीच त्यानं कळप पलीकडच्या डोंगराला नेला. माळ मोकळा झाला.

आणि त्या मोकळ्या माळावर मी घुसलो.

कावून? तुम्ही कधीच विचारलं नाहीत, तरी सांगतो. पाहुणे थंडीत येणार, हे कळलं होतं. पुण्याची माणसं. त्यांना आपण काय दाखवणार? रस्ता? वीज? आपल्याकडं जगात मिरवण्यासारखी एकच गोष्ट, ती म्हणजे हुरडा. मग माझ्या डोक्यात आलं, हुरडा द्यायचा तर दुसऱ्या कुणाच्या रानात का, कारखान्याच्याच जागेवर देऊ! माळाच्या पायथ्याला ओढ्याकाठी अर्धा एकर काळी माती होती. तिथं मी गुळभेंडी ज्वारी पेरली. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला नुसतं म्हटलं, हुरड्याचं माझ्याकडं लागलं. तुम्हाला तेव्हा दहा कामं, तुम्ही ‘बरं’ म्हणालात.

धोंडिबानं मात्र मला पेरताना पाहिलं. “मास्तर, मी मेंढरं काढली ती जागा मोकळी व्हावी म्हनून, आन् तुमी त्यात पेरताव?”

“अरे, हुरड्यापुरती आहे. पाहुणे गेले की कापून टाकू.”

“बघा बाबा. तुमी शिकल्याले हाव.”

तो दिवस मला अजून तासातासानं आठवतो. सकाळचं कोवळं ऊन, ज्वारी कमरेच्या वर, कणसं अशी दुधानं भरलेली की बोटानं दाबावं तर चीक उडावा. जीपमधून कंपनीचे तिघं उतरले आणि जागा मोजायला आलेले एक सरकारी अधिकारी, जाड चष्म्याचे. आगटीत गोवऱ्यांचा विस्तव फुलला होता. धोंडिबा कणसं भाजून मळत होता, मी सुपातून वाढत होतो. शेंगदाण्याची चटणी, गूळ, तुमच्या हातचं दही. पाहुणे जागा बघायची विसरले. कंपनीचे मोठे साहेब मांडी घालून बसले ते उठेनात. तुम्ही त्यांना वेशीतच ओवाळून घरी परतला होतात, पुरणाच्या जेवणाची तयारी बघायला. माळावर पुढं काय घडलं, तेवढंच तुम्हाला माहीत नव्हतं, असं मी इतकी वर्षं समजत होतो.

चष्मेवाल्यांनी मूठभर हुरडा तोंडात टाकला आणि विचारलं, “वा! हे पीक कुणाचं?”

आता साधा माणूस काय म्हणेल? साहेब, तुमच्यासाठी यंदा मुद्दाम पेरलं. पण मी पडलो गोष्टीवेल्हाळ. छाती फुगवून म्हणालो, “आमचंच! या माळाला कमी समजू नका. दरवर्षी असं पिकतं इथं!”

धोंडिबाचे हात कणसावरच थांबले. तो माझ्याकडं बघत राहिला. चष्मेवाल्यांनी खिशातून वही काढली आणि काहीतरी टिपलं. मला वाटलं, ज्वारीची जात लिहून घेताहेत.

संध्याकाळी फेटे बांधले, नारळ दिले, जीप गेली. तुम्ही ओसरीवर टेकलात, पाय लांब केलेत आणि म्हणालात, “भावजी, पाहुने खूश हाईत. हुरडा कामाला आला बगा.” तुमचा तो दमलेला, आनंदी चेहरा. वहिनी, मला त्या ओसरीवर त्या संध्याकाळी एकदा परत जायचंय. बाकी काही बदलू नका म्हणावं. फक्त तेवढा वेळ बसून राहायचंय.

पत्र आलं महिन्या-दीड महिन्यानं. ग्रामपंचायतीत आपण दोघंच होतो. तुम्ही नेहमीसारखं पत्र माझ्या हातात दिलंत आणि लुगड्याच्या काठाशी चाळा करत ऐकायला बसलात. मी वाचायला लागलो. ‘विषय, प्रस्तावित उद्योगासाठी जागेची पाहणी.’ ‘उपरोक्त विषयास अनुसरून.’ पुढच्या दोन ओळींवर माझी नजर गेली. मी त्या दोन ओळी गाळल्या. खाली उडी मारून वाचलं, ‘सबब अन्यत्र जागेचा विचार करण्यात येत आहे.’

“कावून?” तुम्ही विचारलंत.

“कारण दिलेलं नाही.”

“कायच न्हाई?”

“नाही. साहेबांनी दुसरीकडं वळवला असणार, वहिनी. पुढारी ते पुढारीच.”

ही माझी पहिली गोष्ट. पुढं ती वाढत गेली, तिला शिंगं फुटली, शेपूट फुटलं. लग्नाच्या आदल्या दिवशी पोरं म्हणायची, काका, कारखान्याची गोष्ट! मी साहेबांची नक्कल करायचो, जीप चालवायचो, हुरडा खायचो, आणि शेवटी कारखाना उचलून खिशात घालणारे साहेब! पोरं लोळायची. तुम्ही मात्र कारखाना खिशात जायच्या जरा आधी उठायचात. “च्या ठिवते.” दरवेळी. मला वाटायचं, वहिनींना अजून दुःख होतं. कथेकऱ्याला श्रोता उठून गेलेला चालत नाही, म्हणून मला थोडा रागही यायचा. बघा, किती गाढव असावं माणसानं!

त्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी धोंडिबाची मेंढरं माझ्या उरलेल्या ज्वारीत चरताना दिसली. मी धावत तुमच्याकडं आलो. तुम्ही चुलीपुढून न वळता म्हणालात, “मीच सोडाय लावली. त्येचा माळ त्येला परत दिला.” आणि त्यानंतर पहिलं जे सरकारी पत्र आलं, ते माझ्या हातात देताना तुम्ही म्हणालात, “सगळं वाचा हां, भावजी.”

तेव्हापासून प्रत्येक पत्राला, तुमची मुदत संपेपर्यंत. पुढं लेकाचं पत्र असो, दवाखान्याचा कागद असो, गोळ्यांची चिठ्ठी असो. सगळं वाचा हां. मला वाटलं, सवय झाली बाईला.

कारखाना गेल्याचं गावानं तुमच्यावर फोडलं. ‘नळीवाली सरपंच’ म्हणायला लागले. पुढच्या निवडणुकीत तुम्हाला उभंच केलं नाही. तुम्ही एका शब्दानं कुणाला बोलला नाहीत. उरलेल्या दिवसांत धोंडिबाच्या सुनेला आणि आणखी चार-सहा बायकांना गोळा केलंत, दूध जमा करायचं केंद्र मांडलंत, त्यासाठी पुन्हा त्याच साहेबांकडं गेलात. मी चिडलो होतो. “ज्यानं पान वाढलं नाही, त्यालाच परत हाक?”

“साहेबांचा दोष न्हाई,” तुम्ही म्हणालात.

“नेता खमका असता तर कारखाना इथंच झाला असता!”

“नेता दार उघडून देतो, भावजी. उंबरा आपनच झाडून ठिवावा लागतो.”

हा वाद आपला कधी मिटला नाही. पेपरात गुंतवणुकीची बातमी आली, कुठं नवा प्रकल्प जाहीर झाला, की मी नेत्यांना झोडायचो आणि तुम्ही उंबऱ्यावर यायचात. मी किती हुशारीनं लढायचो! आकडे, अनुशेष, सरकारी धोरण. आणि तुम्ही त्या एका उंबऱ्यावरून कधी हलला नाहीत. आज कळतं, तुम्ही माझ्याशी वाद घालतच नव्हतात. तुम्ही वाट बघत होतात. मी कधी स्वतःहून बोलेन, याची.

केंद्र अजून चालतं, वहिनी. महिन्यात दोनदा त्याचं मशीन बंद पडतं, पण चालतं. धोंडिबाची सून आता तिथली मुख्य आहे. तुमच्या मातीला ती सगळ्यात पुढं होती, आणि माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली.

तर साहेब. आता ऐंशीच्या पुढं गेलेत. कुणाच्या तरी आधारानं चालत आले, काठी टेकून बेल वाहिला. माझी नजर वर होईना. पंचवीसेक वर्षं मी ज्या माणसाला पोरांपुढं कारखाना खिशात घालायला लावला, तो समोर उभा. निघताना माझ्याजवळ थांबले.

“तुम्ही बाईंचे दीर ना? मास्तर?”

“हो.”

“बाई वेगळ्याच होत्या. त्या कारखान्याचं पत्र आलं तेव्हा एकट्या एसटीनं माझ्याकडं आल्या होत्या. म्हणाल्या, साहेब, ते उभं पीक मी उद्या मोकळं करून देते, पाहुणे परत येतील का? मी फोन लावला त्यांच्यादेखत. पण तोवर कंपनीनं दुसरीकडं ठरवलं होतं.”

साहेबांनी काठी दुसऱ्या हातात घेतली.

“मी विचारलं, पेरलं कुणी? तर म्हणाल्या, घरचंच माणूस आहे, नोकरी नवी आहे, सरकारी जागेत पेरल्याचं कळलं तर जाईल, त्याचं नाव कुठं येऊ देऊ नका. मी नाही येऊ दिलं.” साहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं. “हुरडा मात्र चांगला होता म्हणे.”

आणि काठी टेकत गाडीकडं गेले.

म्हणजे त्याच दुपारी, मी घरी गेल्यावर, तुम्ही ते पत्र स्वतः वाचलं होतंत. बोट लावून, एकेक अक्षर, न पचणाऱ्या मराठीतलं. आणि मला म्हणाला नाहीत, भावजी, तुम्ही मला फसवलंत. नोकरी माझी वाचवलीत, नाव तुमचं घालवलंत, माझ्या खोट्या गोष्टीला चहा केलात. आणि दरवेळी नुसती आठवण दिलीत, सगळं वाचा.

मला राग येतोय तुमचा, वहिनी. एकदा तरी कानाखाली वाजवायची होती! मोठ्या वहिनीला तेवढा हक्क असतो. मी रडलो असतो, मोकळा झालो असतो, आणि गेल्या थंडीत तुमच्या उशाशी बसलो तेव्हा असा गप्प राहिलो नसतो. तेव्हा तुम्हाला काही खाववत नव्हतं. तुम्ही म्हणालात, हुरडा आना थोडा. मी आणला, मऊ कुटून, ताकात कालवून. तुम्ही एक घास घेतलात आणि डोळे मिटून विचारलंत, “कुठला ओ?” मी म्हणालो, आपल्याच मळ्यातला. “मग गोड लागनारच,” तुम्ही म्हणालात. आणि माझ्याकडं बघत राहिलात, बराच वेळ. दार उघडून दिलं होतंत तुम्ही. मी उंबऱ्यावर उभा राहिलो आणि तुमची उशी नीट केली.

परवा तुमची शिवगणाराधना आहे, तुमच्या नावानं जेवण. घर भरेल. जेवणं झाल्यावर पोरं म्हणणारच, काका, कारखान्याची गोष्ट. मी सांगणार आहे. साहेबांची नक्कल नाही. माझीच करीन, छाती फुगवून, सुपासकट. पोरं हसतील, हसू देत. पण त्याच्या आधी तुमच्यापुढं एक काम राहिलंय. तो कागद आता नाही, कुठं गेला देव जाणे, पण त्यातल्या त्या दोन ओळी मला शाळेतल्या प्रार्थनेसारख्या पाठ आहेत. तुम्ही काठाशी चाळा करत बसा. मी वाचतो.

‘विषय, प्रस्तावित उद्योगासाठी जागेची पाहणी. उपरोक्त विषयास अनुसरून कळविण्यात येते की, पाहणीवेळी सदर जागेवर ज्वारीचे उभे पीक आढळून आले. सदर जागा दरवर्षी कसण्यात येते असे उपस्थित ग्रामस्थांपैकी एका शिक्षकाने अभिमानपूर्वक सांगितले असल्याने हक्काबाबत वाद संभवतो. सबब अन्यत्र जागेचा विचार करण्यात येत आहे.’

सगळं वाचलं, वहिनी. खालची सही तेवढी वाचता येत नाही. ती तेव्हाही वाचता आली नव्हती.